मास्तरांचा उजवा पाय

माझ्या थोरल्या भावाला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत त्याने कधी शिकवलं नाही. तो गाडी चालवायला शिकवतो. आमच्या भागातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी त्याच्या शेजारी बसून पहिला गिअर टाकला आहे, आणि उरलेल्यांना त्याचा ओरडा रस्त्यावरून ऐकून ऐकून गाडी यायला लागली, असं माझी वहिनी म्हणते.

मी त्याच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काम करते. काउंटरवर बसते, फोन घेते, आणि बायका शिकायला आल्या की गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसते. ही पद्धत दादानेच पाडली. शिकणारी नवखी, शेजारी ओरडणारा पुरुष, तेव्हा मागे घरची एक बाई असली म्हणजे तिला धीर येतो, असं त्याचं म्हणणं. तिला येत असेल. मी मात्र त्या मागच्या सीटवर देवाचं जेवढं नाव घेतलंय तेवढं देवळात बसून घेतलं नसेल. देवळात समोरून ट्रक येत नाही.

शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा मास्तरांच्या. शिकणारा चुकला तर मास्तरांनी आपला दाबायचा. दादाच्या बाबतीत हे जरा पुढे गेलं. इतकी वर्षं शेजारच्या सीटवर काढल्यामुळे त्याचा उजवा पाय आता त्याचं ऐकत नाही. समोर कुत्रं दिसलं की पाय दाबतो. वळण आलं की दाबतो. गाडीने नुसता वेग घेतला तरी दाबतो. शिकणाऱ्याला वाटतं, वा, आपणच थांबवली. बसमध्ये बसला तरी दादाचा पाय पुढच्या सीटखाली काम करत असतो. घरी टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली की सोफ्यापुढचं पायपुसणं हळूहळू टीव्हीकडे सरकायला लागतं. हे त्याला सांगितलं तर तो मान्य करत नाही. "माझा पाय जागचा हलत नाही," म्हणतो.

लग्नानंतर वहिनी त्याच्याकडे शिकायला बसली होती, मागच्या सीटवर मी. तिसऱ्या गिअरपर्यंत काही ती पोचली नाही. एक दिवस भर रस्त्यात तिने गाडी बंद केली, किल्ली दादाच्या हातात दिली आणि चालत घरी आली.

"मी चालवतच नाहीये," ती मला म्हणाली. "गाडी ह्यांचा पाय चालवतो. मी नुसतं स्टिअरिंग धरून बसते. त्यापेक्षा घरी परात धरून बसेन, निदान कणीक तरी मळून होईल."

तर अशा माणसाच्या घरात लढाऊ विमान आलं.

आणलं जावयाने. दादाची मुलगी आणि जावई बदली होऊन लांबच्या शहरात गेले. तिथली जागा लहान, म्हणून जावयाने आपला मोठा कॉम्प्युटर आणि त्याच्याबरोबरचं सामान दादाच्या मागच्या खोलीत लावून ठेवलं. विमान वळवायचा एक दांडा, इंजिनाचा जोर कमीजास्त करायची एक मूठ, टेबलाखाली पायाशी दोन पेडल. जावई आणि त्याचे मित्र सुट्टीच्या दिवशी आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून एकाच आभाळात विमानं उडवतात. जुन्या काळातली, नाकावर पंखा असलेली लढाऊ विमानं. आहे खेळच, पण असा खेळ की त्यापेक्षा नोकरी बरी. नुसतं इंजिन सुरू करायचं तर इतकी बटणं इतक्या क्रमाने दाबायची, की तेवढ्यात माझा कुकर होतो.

हा जावई दादाचा जुना विद्यार्थी. मुलगी द्यायच्या आधी दादाने त्याचा पगार विचारला नव्हता. गाडीत बसवून बाजारातून एक फेरी मारायला लावली होती आणि घरी येऊन निकाल दिला होता, "मुलगा चांगला आहे. आरसा बघत नाही." तेव्हापासून जावई जेवायला आला की दादा म्हणणारच, "जावईबापू, सावकाश जेवा. आणि मागचा आरसा बघत जा." जावई सोशिक. ताटातली नजर न काढता "हो बाबा" म्हणतो.

सामान लावून झाल्यावर निघताना तो म्हणाला, "बाबा, वेळ मिळाला तर तुम्हीही बसून बघा. फक्त जरा अवघड आहे."

"अवघड म्हणजे?"

"म्हणजे शिकावं लागतं."

"मग आम्ही इथे काय करतो?"

"तुम्ही शिकवता, बाबा," जावई म्हणाला. अगदी नम्रपणे म्हणाला. वहिनीला एकदम खोकला आला आणि ती आत गेली.

दादाला ते लागलं. जावयाच्या मित्रांची एक तुकडी आहे, आणि तुकडीत घ्यायच्या आधी परीक्षा असते हे त्याने काढून घेतलं. उडायचं, तुकडीबरोबर एक फेरी मारायची, विमान धडधाकट खाली आणायचं. तुकडीच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणतात. धंद्याने तो दातांचा डॉक्टर. दादाने त्याला फोन केला आणि परीक्षेचा रविवार मागितला.

"काका, आधी शिकून घ्या, मग ठरवू," कॅप्टन म्हणाला.

"तारीख असल्याशिवाय माणूस शिकत नाही. मला विचारा," दादा म्हणाला.

रविवार ठरला. परीक्षेच्या वेळी जावईही उडणार होता. दादाने त्याला पुढल्या फोनवर एवढंच सांगितलं, "पास होऊन तुमच्या शेजारून जाईन. आरशात दिसेन. बघितलात तर." त्या दिवसापासून ही गोष्ट खेळाची राहिली नाही. ज्याने जावयाला एवढी वर्षं आरशावरून धारेवर धरलं, त्याला आता त्या जावयासमोर परीक्षेला बसायचं होतं. नापास होऊन चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादाने पेंटरला बोलावलं. स्कूलच्या पाटीवर एक लाल गाडी काढलेली आहे. तिच्या वर एक विमान काढायला सांगितलं.

"उडतं काढू की उभं?" पेंटरने विचारलं.

"विमान उभं कशाला काढतात?"

"विमानपण शिकवणार का मास्तर?"

"बघू. मागणी आली तर."

पेंटरने झकास विमान काढलं. नाक वर, चाकं पोटात, खाली दोन ढग. दादाचं इंजिन तेव्हा अजून एकदाही सुरू झालेलं नव्हतं.

शिकायची पद्धत त्याने तीच ठेवली जी तो दुसऱ्यांना लावतो, आधी तोंडी, मग गाडी. विमानाचं माहितीपुस्तक त्याने छापून आणलं आणि जावयाकडून फोनवर एकेक पान मराठीत समजावून घेतलं. दर दोन पानांनी "हे चूक लिहिलंय" म्हणायचा. एका पानावर मात्र तो खूश झाला. त्या जुन्या विमानाला चालकाच्या डोक्यावर एक छोटा आरसा होता.

"बघ छोटे," तो मला म्हणाला. माझे केस पांढरे झाले तरी मी त्याची छोटीच. "विमान करणारा माणूस जबाबदार होता. जावईबापूंना बसायला सांगितलं असतं तर आरसा काढून तिथे घड्याळ लावलं असतं."

त्या पुस्तकात त्याला एक गोष्ट सापडत नव्हती. हॉर्न. मागून पुढून सगळी पानं पाहिली. शेवटी दांड्यावर बोटाशी एक लाल बटण दिसलं, तेव्हा त्याने स्वतःच ठरवलं की हेच असणार, दुसरं कुठे ठेवतील.

पहिल्या धड्याला कॅप्टन आपलं विमान घेऊन आला. दादाने कानावरचा हेडफोन काढून आवाज स्पीकरवर टाकला होता, कारण कान झाकले की त्याला ओरडता येत नाही. त्यामुळे मला आणि वहिनीला सगळं ऐकू येत होतं. वहिनी भाजी निवडायला तिथेच बसली होती.

"काका, माझ्या मागे मागे या. सावकाश," कॅप्टन म्हणाला. धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन त्याचं विमान थांबलं. दादा मागे थांबला. कॅप्टन काहीतरी तपासत होता. दादाने थोडा वेळ वाट पाहिली. मग पुढचा माणूस चौकात अडकून बसला की तो करतो तेच केलं. लाल बटण दाबलं. दोनदा, सभ्यपणे.

कॅप्टनच्या विमानाची शेपटी गेली.

"काका," स्पीकरमधून आवाज आला, "मागून काहीतरी आलं."

"हॉर्न दिला."

"ते हॉर्नचं बटण नाही. बंदुकीचं आहे."

"मग हॉर्न कुठे आहे?"

"विमानाला हॉर्न नसतो, काका."

हे दादाला पटणं शक्य नव्हतं. "मग समोरच्याला कळणार कसं आपण मागे आहोत ते?"

कॅप्टन दाढ काढायच्या आधी बोलतात तशा आवाजात म्हणाला, "लढाऊ विमान आहे ना काका, समोरच्याला कळू नये हीच अपेक्षा असते."

वहिनी म्हणाली, "डॉक्टर चांगले आहेत. तोंड दुखवत नाहीत."

खरी अडचण पुढे आली. कॅप्टनने नवीन विमान घेतलं, खेळात ती मागेल तितकी मिळतात, आणि दादाला धावपट्टीवर आणलं. पायाशी जी दोन पेडल असतात त्यांचं त्याने सगळं समजावून सांगितलं. अख्खं पेडल पुढे ढकललं की विमान त्या बाजूला वळतं. पेडलचा वरचा भाग पंज्याने दाबला की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो. उडताना टाचा जमिनीला टेकवून ठेवायच्या आणि पंजे वर न्यायचे नाहीत, एवढंच.

"एवढंच ना," दादा म्हणाला आणि जोर दिला. विमान धावलं, धावलं, वेग आला, आणि उजवीकडे वळून गवतात जाऊन कलंडलं.

"होतं असं," कॅप्टन म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा उजवीकडच्या गवतात. त्याच्यानंतरही तिथेच. दादाला आता ते गवत ओळखीचं वाटायला लागलं असावं. एकदा तर गवतात गेल्यावर तो आपणहून इंजिन बंद करून "आलो" म्हणाला.

कॅप्टन चक्रावला. "काका, या विमानाचा पंखा असा फिरतो की जोर दिला की नाक डावीकडे ओढलं जातं. सगळे नवशिके डाव्या गवतात जातात. तुमचे जावईही जायचे. उजव्या गवतात गेलेला माणूस मी अजून पाहिला नव्हता."

"मग मी काहीतरी जास्त बरोबर करत असणार," दादा म्हणाला.

त्यानंतर सगळ्या सामानाची झडती झाली. खुर्ची बदलली. टेबल भिंतीपासून हलवलं, परत भिंतीला लावलं. खेळात वारा असतो म्हणून वारा बंद करायला लावला. जावयाने पेडल हलक्या प्रतीची आणली असणार, असं त्याला फोनवरून ऐकवण्यात आलं. जावयाने सोशिकपणे दुसरी पाठवली. नव्या पेडलांनीही विमान उजवीकडेच गेलं, फक्त जरा जास्त सफाईने.

इकडे स्कूलमध्ये विद्यार्थी पाटीकडे बोट दाखवून विचारायचे, "मास्तर, उडालं का?" दादा म्हणायचा, "तुम्ही रस्त्याकडे बघा." आणि गाडी चालवायला आलेल्या एका शिक्षिकेला त्याने भर उतारावर "टाचा टेकवा, पंजे खाली" असं सांगितलं. तिने दोन्ही पाय पेडलवरून उचलून जमिनीवर ठेवले. मी मागे नाव घेतच होते, ते मोठ्याने घेतलं. दादाचा पाय मात्र वेळेवर दाबला गेला. गाडीत त्याचं काही चुकत नाही, हे मी कबूल करते.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी सकाळी वहिनी मागच्या खोलीत फरशी पुसायला गेली. दादा धावपट्टीवर होता. टेबलाखाली फडकं सारताना ती थांबली. बराच वेळ ओणवी राहून काहीतरी बघत होती. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, पाय काढा."

"पुसून घे की बाजूने."

"फरशीसाठी नाही म्हणत. तो उजवा पाय काढा. दाबताय तुम्ही."

"मी काहीही दाबत नाहीये. टाचा टेकलेल्या आहेत."

"टाच टेकलीय. पंजा दाबताय. विमान पळायला लागलं की दाबताय."

"माझा पाय जागचा हलत नाही," दादा म्हणाला.

वहिनी आत जाऊन आपला हात-आरसा घेऊन आली आणि टेबलाच्या पायाला टेकवून जमिनीवर उभा केला, दादाला बसल्या जागेवरून दिसेल असा.

"जगाला सांगता ना आरसा बघा म्हणून," ती म्हणाली. "आता बघा."

दादाने जोर दिला. विमान धावायला लागलं. त्याची नजर एकदा पडद्यावर, एकदा खाली आरशात. आरशात एक पाय दिसत होता, जुन्या चपलेतला. विमानाने वेग घेतला तसा त्या पायाचा पंजा हळूच पुढे वाकला आणि पेडल दाबून धरून बसला. पडद्यावर विमान गवतात गेलं. दादाने त्या पायाकडे असं पाहिलं जसं कुणी परका माणूस न विचारता घरात येऊन बसला आहे.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून असावं," वहिनी म्हणाली. "मला नंतर कळलं."

मग तासभर त्या पायाला शिकवणं चाललं. दादाने त्याला बजावलं, मांडी घातली, स्टुलावर ठेवला. तो नसला की डावा पाय एकटा पडायचा आणि विमान वाट्टेल तिकडे जायचं. शेवटी वहिनीलाच सुचलं. आमच्या गॅरेजमध्ये भंगारात काढलेल्या जुन्या गाडीचं पेडल पडलेलं होतं, मास्तरांच्या बाजूचं. ते तिने मेकॅनिककडून एका फळीवर स्प्रिंग लावून बसवून घेतलं.

"पायाला ब्रेकच हवाय ना? हा घ्या. कशाला जोडलेला नाही. दाबा हवा तेवढा."

जावयाला फोन केला. तो म्हणाला, होतं की तसं, दांडा पिळला की विमान वळेल असं करता येतं, पेडलच काढून ठेवा. त्याने फोनवर सांगितलं, दादाने बटणं दाबली, पेडल निघाली. त्यांच्या जागी फळी आली. दादाने जोर दिला, विमान धावलं, दादाने जीव खाऊन भंगारातलं पेडल दाबलं, आणि विमान सरळ धावत जाऊन जमिनीवरून उठलं.

खाली धावपट्टी लहान झाली, दोन्ही बाजूंचं गवत लहान झालं. दादा पुटपुटला, "वरून बरं दिसतं गवत." वहिनीने फडकं पिळलं आणि डोळे पुसले. फडक्याने नाही, कोपराने.

दादा दुपारभर उडत राहिला. जेवायलाही उठला नाही. चाकं धावपट्टीला टेकवायचा आणि तसाच पुन्हा वर जायचा, उठायचं झालं तर विमान आभाळातच सोडून खेळ बंद करून यायचा, कारण खरी परीक्षा उडायचीच आहे असं तो धरून चालला होता. आम्हीही तेच धरून चाललो होतो.

रविवारी दुपारी मी देवापुढे हात जोडले खरे, पण काय मागावं ते ठरेना. खोट्या विमानासाठी खऱ्या देवाला कामाला लावायचं बरं दिसत नव्हतं. शेवटी म्हटलं, याचं तोंड सांभाळ. त्यात सगळं आलं.

कॅप्टन, जावई आणि दादा, तिघांची विमानं रांगेत उभी राहिली. लाल बटणावर दादाने सकाळीच चिकटपट्टी लावली होती.

"काका, तयार? आता थोडं जाणवेल," कॅप्टन म्हणाला, सवयीने.

दादा सुरेख उडाला. कॅप्टन आणि जावयाच्या मागे, उजव्या अंगाला, जिथे सांगितलं तिथे जाऊन बसला आणि हलला नाही. वळणं घेतली. चढले, उतरले. कॅप्टनने दोनदा "उत्तम" म्हटलं. एवढं झाल्यावर दादाचा धीर वाढला आणि तो शिकवायला लागला.

"कॅप्टन, वळताना आधी खुणवायचं."

"हो काका."

"जावईबापू, मी तुमच्या मागे किती वेळ आहे?"

स्पीकरमधून जावयाचा आवाज, "आत्ताच आलात ना बाबा?"

"केव्हाचा आहे. आरसा."

"हो बाबा."

वहिनी मला हळूच म्हणाली, "लढाईत मेला तरी हा माणूस शत्रूला सांगून मरेल, इंडिकेटर दिला नाहीस म्हणून."

मग उतरायची वेळ आली. चाकं खाली, वेग कमी, नाक जरा वर. दादाने विमान धावपट्टीवर असं टेकवलं की मी मागच्या सीटवर इतकी वर्षं बसून तसं कधी अनुभवलं नाही. कॅप्टन म्हणाला, "वा. आता ब्रेक, काका. हळूहळू."

दादाने ब्रेक दाबला.

विमान धावत होतं.

"ब्रेक, काका."

"दाबलाय."

"पूर्ण?"

"जीव तोडून दाबलाय," दादा म्हणाला. फळी फरशीवर घासत पुढे सरकत होती, वहिनी तिला पुढून पायाने अडवत होती. धावपट्टी संपली. समोर गवत आलं, मग कुंपण आलं. विमानाने नाकावर उभं राहून शेपटी वर केली आणि पंखा वाकवून ते तसंच राहिलं.

आधी जावयालाच कळलं. "बाबा," तो म्हणाला, "ते पेडल कशालाच जोडलेलं नाही ना?"

आम्ही तिघांनी फळीकडे पाहिलं. उडायला ब्रेक आड येतो म्हणून आम्ही तो काढून टाकला होता. उडालेल्याला कधीतरी उतरायचंही असतं, हे ब्रेकवर आयुष्य काढलेल्या माणसाच्याही ध्यानात आलं नव्हतं, आणि त्याच्या घरच्यांच्याही नाही.

"डॉक्टर," दादाने विचारलं, "निकाल?"

कुणाला वाईट सांगायचं तर कॅप्टन आधी श्वास घेतो, तसा त्याने घेतला. "नापास, काका. पुढचा नाही, त्याच्या पुढचा रविवार देतो. बाकी सगळं फार छान होतं."

दादाने मान हलवली, स्पीकरला ती दिसली नाही. मग म्हणाला, "जावईबापू, तुमचं काय म्हणणं? मोकळेपणी सांगा. आज तुमचा दिवस आहे."

जावयाकडे किती वर्षांची उधारी साठलेली होती ते मला ठाऊक आहे. वहिनीनेही हातातलं काम थांबवलं.

"आरसा चांगला बघितलात बाबा," जावई म्हणाला.

वहिनी इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. दादा हसला नाही. त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि फळी उचलून मांडीवर घेऊन बसला. बोटाने ते जुनं पेडल दाबून बघत होता. ते दबायचं, वर यायचं. दबायचं, वर यायचं. काहीच होत नव्हतं.

"अगं," तो वहिनीला म्हणाला, "तू शिकत होतीस तेव्हा तुझ्या बाजूचं पेडल असंच लागायचं का पायाला?"

"अगदी असंच," वहिनी म्हणाली. "दाबलं काय, सोडलं काय."

रात्री जेवताना तो एक शब्द बोलला नाही, आणि दादा जेवताना गप्प बसला की भाजीत मीठ जास्त झालं असं आम्ही समजतो, म्हणून वहिनीने दोनदा चव घेऊन पाहिली.

सकाळी पेंटर आला. दादाने त्याला शिडी लावायला सांगितली.

"विमान पुसू का मास्तर?" त्याच्या कानावर गेलं होतं. आमच्या गल्लीत खिडक्या उघड्या असतात.

"पुसू नकोस. चाकं बाहेर काढ. आणि शेपटीवर लाल एल घाल, शिकाऊ गाडीवर असतो तसा."

"उडत्या विमानावर एल?"

"उडायला येतं त्याला. थांबायला येत नाही."

पेंटर शिडीवर चढला. दादा मागच्या खोलीतून ती फळी घेऊन आला आणि स्कूलच्या गाडीत आपल्या बाजूला, खऱ्या ब्रेकच्या पुढ्यात ठेवून दिली. म्हणाला, विद्यार्थ्यांसाठी नाही, विद्यार्थ्यांच्या वेळी काढायची. मग चालकाच्या बाजूचं दार उघडून वहिनीसमोर किल्ली धरली.

"कुठे?" वहिनी म्हणाली.

"मैदानापर्यंत. मोकळंच असतं या वेळी."

"आणि तुमचा पाय?"

"त्याची सोय केलीय."

वहिनीने हात पुसले, चपला घातल्या, किल्ली घेतली. मला म्हणाली, "ये गं, बस मागे. तुझ्याशिवाय मला शिकायची सवय नाही."

मी बसले. डोळे मिटून नाव घ्यायला सुरुवात केली. पहिला गिअर पडला, दुसरा पडला. मैदानाच्या कडेने गाडीने वेग घेतला तशी पुढून फळीच्या स्प्रिंगची कुरकुर ऐकू यायला लागली. दादाचा पाय दाबत होता, आणि गाडी जात होती. मग माझ्या कानांना ओळखीचा नसलेला आवाज झाला. तिसरा गिअर. मी डोळे उघडले. वहिनी ताठ बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, परात धरावी तशी नव्हे.

मैदानाच्या टोकाशी एक कुत्रं आडवं आलं. वहिनीने ब्रेक दाबला. गाडी कुत्र्याच्या बरीच अलीकडे, धक्का न देता थांबली. कुत्र्याने आमच्याकडे बघितलं आणि सावकाश पुढे गेलं.

दादा अजून दोन्ही हातांनी गुडघा धरून फळीवरचं पेडल दाबून बसला होता. त्याने श्वास सोडला.

"बघितलंस छोटे?" तो मागे वळून मला म्हणाला. "अगदी वेळेवर दाबला."

वहिनीने आरशात माझ्याकडे बघितलं आणि पहिला गिअर टाकला.